प्रगणन गट १४७

नकाशा मीच काढायचा होता.
तहसीलमधून फक्त कागद मिळाला,
कोपऱ्यात उत्तरेचा बाण.
आधी कयाधू काढली.
फेब्रुवारीत ती काढायला सोपी,
दोन डबकी, मधे धुण्याचे दगड.
मग टॉवर, पार, दर्ग्यामागचा लिंब,
मग शाळा, जिथं मी तिसरीला
'आपला जिल्हा' शिकवते.
पुस्तकात जिल्हा गुलाबी आहे.
खिडकीतून दिसतो तो काळा,
आणि टेकाडावर मुरूम उघडा पडलेला.

दारांवर गेरूनं आकडे टाकत गेले.
गावभर हळद शिजत होती.
वाफेतून आधी हाक यायची, मग माणूस.
"बाई, लांबून इचारा, तपली साडी पिवळी व्हईल."
लांबून विचारलं. नाव, वय, शिक्षण.

रसूलबीनं वय म्हशींवर मोजलं.
सासरी आली तेव्हा पहिली होती,
आता दारात अकरावी.
"एकेकीमागं सहा साल धरा."
सहासष्ट. आणि त्याआधीचं?
"ते माहेरला जाऊन इचारा."
मी चौदा मिळवले.

नामाजी खुपसेंना जन्मठिकाण विचारलं.
काठी टेकली होती तिथंच त्यांनी बोट दाखवलं.
जिल्हा?
"तवा परभणी."
राज्य?
"तवा निजामाचं. मंग हैद्राबाद, मंग मुंबई, मंग हे तुमचं.
म्या हललो नाय बाई,
मपल्या खालून जिल्हेच सरकले."
फॉर्मवर एकच ओळ होती.

कुलपं सत्तावीस.
चाकणला, भोसरीला, एक घर थेट सुरतेला.
शेजारी म्हणाले, सोडा त्यांला,
तिकडं धरलंच असंल कुणी.
एका कुलपावर घुबडाच्या पिसाएवढी धूळ,
उंबऱ्यावर मात्र ताजी रांगोळी.
कोण काढतं, सांगायला कुणी तयार नाही.
रकान्यात लिहिलं: बंद.

अठ्ठावीसच्या रात्री बेघर मोजायचे.
जिनिंगच्या भिंतीला घिसाड्यांची दोन बिऱ्हाडं.
भाता थंड, सगळी निजलेली,
बॅटरीच्या उजेडात मी पाय मोजले
आणि दोननं भागले.
मग एक म्हातारी उठून बसली.
तिला एकच पाय होता.
पुन्हा पहिल्यापासून.

एक मार्चला फेरतपासणी.
नियम असा:
रात्री बाराच्या आधी जन्मला तो आहे,
नंतर जन्मला तो नाही.
बारानंतर गेला तो मात्र आहे.

ओढ्यापलीकडं तांड्यात
झमकीबाई आडेची सून बाळंत झाली होती. मुलगी.
किती वाजता?
भिंतीवर घड्याळ होतं,
त्याचा सेल पोरांच्या मोटारीत.
"रेल्वे गेली ना, तिच्या मागूनच आली बघा."
कुठली रेल्वे?
एक पावणेबाराची, जी कधीच वेळेवर नसते.
दुसरी मालगाडी. तिला वेळच नसते.
झमकीबाईनं माझ्या पेनाकडं पाहिलं.
"न्हाय लिवलं तर काय व्हतंय?"
म्हटलं, काही नाही. दहा वर्षं थांबायचं.
"मंग लिवा की. कागुद काय रडाया लागलाय का?"

आठ वर्षांनी ती तिसरीत आली.
दोन वेण्या, एकीचीच रिबीन,
नाव मोगरी थावरू आडे.
मी फळ्यावर जिल्ह्याची लोकसंख्या लिहिली.
वाचायला तीच उठली,
उजवीकडून बोट सरकवत,
एकक, दशक, शतक, हजार,
दशहजारावर अडखळली, लक्षापर्यंत पोचली.
मग मागं वळून म्हणाली,
"बाई, यात आपुन समदे हाव?"

पुढची गणती आली नाही. तिची तारीखही आली नाही.
मी डस्टर उचललं,
एकक स्थानचा अंक पुसला
आणि तोच पुन्हा लिहिला,
खडू जरा दाबून.